घोडेस्वारी महासंघाच्या निवडणुकीत मत कोणाला असावे: राज्य संघटनांना, क्लबांना की स्वारांना?

दुडकी

इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया या आपल्या राष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या घटनेत कोणते बदल व्हावेत, यावरून कित्येक वर्षे वाद चालू आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे जमेल तेवढे वाचूनही एका मुद्द्याचा मला उलगडा होत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

केंद्र सरकारच्या २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेप्रमाणे कोणत्याही खेळाच्या राष्ट्रीय महासंघात मताचा अधिकार मुख्यतः राज्यांच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या संघटनांना आहे. क्लबांना किंवा व्यक्तींना सभासद करून घेता येते, पण त्यांना मत नसते. घोडेस्वारीत मात्र क्रम नेमका उलटा आहे. १९६७ साली महासंघ स्थापन झाला तेव्हापासून हा खेळ चालत आला तो लष्कराच्या तुकड्या, पोलिसांची अश्वदले, रायडिंग क्लब आणि पदरमोड करून घोडे सांभाळणारी मोजकी घराणी यांच्या बळावर. राज्य संघटना पुष्कळ उशिरा आणि तुरळकच निघाल्या. त्यामुळे क्लबांचे आणि व्यक्तींचे मत कायम राहिले, सरकारने या अटीतून महासंघाला सूट दिली आणि राजस्थानच्या संघटनेने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केल्यामुळे सगळ्याच महासंघांना आपापली घटना नव्याने तपासून घेणे भाग आहे.

वरवर पाहता हा पदाधिकाऱ्यांचा आपसातला मामला वाटेल, परंतु स्वाराला महासंघ टाळून पुढे जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे एफईआयकडे, स्वाराची आणि घोड्याची नोंदणी होते ती राष्ट्रीय महासंघामार्फत. परदेशातील स्पर्धेची प्रवेशिका आणि आशियाई स्पर्धेच्या संघाची निवड याच दारातून जाते. घोडेस्वारीतला ऑलिंपिकचा कोटासुद्धा देशाच्या नावावर असतो, तो मिळवणाऱ्या स्वाराच्या नावावर नसतो, आणि त्यावर कोणाला पाठवायचे हे महासंघ ठरवतो. माझी मुलगी शो जंपिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याचा प्रकार, करते, त्यामुळे हा विषय मला परका नाही.

प्रश्न असा की ज्यांच्या पागेत घोडे आहेत त्यांना मत नाही आणि जिच्याकडे कदाचित एकही घोडा नाही अशा राज्य संघटनेला मत आहे, ही रचना न्याय्य कशी म्हणावी? आणि क्लबांच्या हाती मत राहू देण्यात असा कोणता धोका आहे की तो अधिकार संहितेने सरसकट काढून घ्यावा?

कलमदान

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. क्लबांना सभासदत्व कोण देते? महासंघाची कार्यकारिणी. त्या कार्यकारिणीला निवडून कोण देते? तेच सभासद. सत्तेवर असलेल्यांनी आपले मतदार आपणच निवडावेत, असा हा फेरा आहे. सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको: मतदारयादी बंद होण्याच्या आधी नवे सभासद कोण झाले आणि कोणाचे अर्ज छाननीच्या नावाखाली पडून राहिले, यावर निकाल पुष्कळदा आधीच ठरलेला असतो. देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत, आणि या यादीत कोणत्याही कार्यकारिणीला खोगीरभरती करता येत नाही. ‘एक राज्य, एक संघटना’ या तत्त्वाचे खरे बळ एवढेच आहे. राज्य संघटनांना खेळ अधिक कळतो, असा दावा संहितेनेही कधी केलेला नाही.

मात्र हे तत्त्व ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर कबड्डी, हॉकी, ॲथलेटिक्स यांसारखे खेळ असावेत. राज्य संघटनेला संलग्नता हवी असेल तर तिच्याकडे राज्यातील निदान निम्म्या जिल्ह्यांच्या संघटना असल्या पाहिजेत, अशी संहितेची अट आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, म्हणजे १८ जिल्हा संघटना हव्यात. कबड्डीला हे सहज जमते. घोडेस्वारीत ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करवून घेण्याच्या प्रकाराचे, नुसते मैदानच २० मीटर बाय ६० मीटरचे लागते, आणि पागा, मोतद्दार, नालबंद, घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य हा सगळा सरंजाम वेगळाच. तो मुंबई-पुण्याबाहेर किती जिल्ह्यांत सापडेल, हे प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे. जी अट प्रत्यक्षात पाळता येत नाही ती कागदावर पाळली जाते, आणि लेटरहेड व शिक्का एवढेच भांडवल असलेल्या जिल्हा संघटना जन्माला येतात.

म्हणून महासंघाने सूट मागितली यात मला गैर काही वाटत नाही. गैर आहे ते सुटीचे स्वरूप. अशी सूट द्यायचीच तर राज्य संघटना उभ्या करण्याच्या ठरलेल्या कार्यक्रमाशी बांधून आणि दरवर्षी प्रगती तपासून द्यावी; एरवी ज्याची सत्ता सुटीच्या आधारावर उभी आहे त्याला ती संपवण्याची घाई का असेल?

पदाधिकाऱ्यांच्या मुदतींवर आणि वयावर या वादात जी शाई खर्च होते, ती मला वाया गेल्यासारखी वाटते. संहितेत अध्यक्षाला एकूण तीन मुदती, सचिव व कोषाध्यक्षांना सलग दोन मुदती आणि नंतर चार वर्षांचा खंड, वयोमर्यादा ७०. नव्या कायद्यात या तिघांनाही सलग तीन मुदती आणि मग एका मुदतीचा खंड, शिवाय त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम आड येत नसतील तर ७० ते ७५ या वयालाही वाव. दोन-दोन दशके खुर्ची न सोडणारे अध्यक्ष जेथे झाले, तेथे हे नियम मोलाचे आहेत. आपल्याकडे अध्यक्षपद बहुतेक काळ लष्करातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहिले आणि बदली किंवा निवृत्ती कोणत्याही मुदतीच्या आधीच येऊन ठेपते. अध्यक्ष असे बदलत राहतात. मतदारयादी मात्र तीच राहते.

रिसाला

कलमदान यांचे विवेचन नेहमीप्रमाणे नेमके आहे, परंतु लष्कराचा उल्लेख त्यांनी ज्या ओघात केला आहे त्यामुळे वाचकाचा गैरसमज होईल, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत तीन सुवर्णपदके मिळाली: इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, मोकळ्या रानातील दौड आणि अडथळ्यांवरील उड्या यांचा एकत्रित प्रकार) रघुबीर सिंग यांचे वैयक्तिक आणि त्यांच्यासह संघाचे, आणि टेंट पेगिंगमध्ये (धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतील खुंटी उचलणे) रुपिंदर सिंग ब्रार यांचे. ती कमाई लष्करी घोडेस्वारीच्या परंपरेची होती. घोड्यांची पैदास आणि शिक्षण करणारी सहारनपूर, हेमपूर, बाबूगढ, हिसार येथील केंद्रे लष्कराची आहेत. लष्करातील जनावरे सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या मीरतच्या केंद्रात अश्वरोगमुक्त विभाग उभारला गेला आणि जुलै २०२५ मध्ये त्याला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ही बातमी क्रीडापानांवर फारशी आली नाही. खरे तर या खेळासाठी तिचे महत्त्व पदकाहून कमी नाही. भारतातला घोडा युरोपात नेणे रोगनियंत्रणाच्या अटींमुळे इतके अवघड होते की आपल्या चांगल्या स्वारांना तिकडेच घोडा घेऊन, तिकडच्याच पागेत ठेवून सराव करावा लागतो. ज्याच्या आईवडिलांना हा खर्च झेपेल तोच पुढे जाणार, ही या खेळाची खरी विषमता आहे आणि मतदारयादी कितीही निर्दोष केली तरी ती मिटणार नाही. मीरतसारखी सोय उभी करण्याची ताकद आज कोणत्या राज्य संघटनेत आहे?

आता नियमाकडे येतो. अखिल भारतीय स्वरूपाच्या आणि त्या खेळाशी संबंध असलेल्या संस्थेला राज्याच्या बरोबरीचा दर्जा देण्याची तरतूद संहितेतच आहे. सेनादल आणि पोलीस यांची क्रीडा नियंत्रण मंडळे याच वाटेने अनेक महासंघांत सभासद आहेत. म्हणजे लष्कराला बाहेर काढले जात आहे, ही ओरड खरी नाही. परंतु बरोबरीचा दर्जा याचा अर्थ एका राज्याइतकेच मत असाही होतो, आणि देशातल्या पागांचा एवढा मोठा भार वाहणाऱ्याला पागा नसलेल्या राज्याइतकेच वजन मिळणे मला व्यवहाराला धरून वाटत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. १९८२ नंतरचे आशियाई सुवर्ण थेट सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊला आले. ड्रेसाजच्या त्या संघातील सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांपैकी एकही लष्करातला नव्हता. त्याआधी २०१८ मध्ये इव्हेंटिंगचे वैयक्तिक रौप्य मिळवून पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये २३ वा आलेला फवाद मिर्झाही नागरी स्वार आहे. खेळाचा गुरुत्वमध्य सरकला आहे आणि घटनेत त्याची नोंद नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. लष्कराकडून हिसकावून घेण्याची भाषा तेवढी नको.

दुडकी

दोघांचेही आभार. कलमदान यांनी दाखवलेला फेरा लक्षात आला आणि क्लबांच्या मताकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली.

पण मग स्वारांचे काय? महासंघात मताधिकारासह साधारण २५ टक्के नामवंत खेळाडू असावेत, असे संहिता म्हणते. नव्या कायद्यात कार्यकारिणीची कमाल संख्या १५ आणि तीत निदान दोन गुणवंत खेळाडू व निदान चार महिला असाव्यात, असे आहे. पंधरांत दोन ही संख्या मला नाममात्र वाटते. स्वारांनीच थेट मत देऊन आपले प्रतिनिधी निवडले तर राज्य विरुद्ध क्लब हा झगडाच अप्रस्तुत होणार नाही का?

खोगीर

मी एक लहान रायडिंग स्कूल चालवतो, तेव्हा माझे हितसंबंध उघड आहेत. वाचताना तेवढी वजावट जरूर करावी.

पहिली गोष्ट अशी की ‘एक राज्य, एक मत’ हा काही अढळ सिद्धान्त नाही. क्रिकेट मंडळाच्या प्रकरणात लोढा समितीने हेच सूत्र सुचवले होते आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलूनही धरले. त्या हिशेबाने मुंबई आणि विदर्भ यांना पूर्ण मत उरणार नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार करून मुंबई, विदर्भ, सौराष्ट्र आणि बडोदा यांचे पूर्ण सभासदत्व परत दिले. रेल्वे, सेनादल आणि विद्यापीठे यांचेही मत राखले. ज्यांनी खेळ वाढवला त्यांना केवळ नकाशावरच्या सीमेसाठी मताबाहेर ठेवू नये, ही भूमिका क्रिकेटला लागू पडते तर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अनेक दशके घोडेस्वार घडवणाऱ्या अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांना का लागू पडू नये?

कलमदान यांचा खोगीरभरतीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. सहकार कायद्यात क्रियाशील सभासदाची कल्पना आली ती याच रोगावर औषध म्हणून: जो संस्थेचा व्यवहार करतो आणि सभेला येतो त्यालाच मत. आपल्या खेळात याचे मोजमाप सहकारापेक्षा सोपे आहे. घोडा कागदावर दाखवता येतो, पण त्याची नोंद, लसीकरणाची पुस्तिका आणि त्याने भाग घेतलेल्या स्पर्धांचे निकाल दाखवायचे म्हटले की खोटेपणा टिकत नाही. मागच्या चार वर्षांत राष्ट्रीय आणि प्रादेशिक स्पर्धांत ठरावीक संख्येने स्वार उतरवले असतील तो क्लब क्रियाशील, नाहीतर नाही. आणि हे कार्यकारिणीच्या मर्जीवर न ठेवता स्पर्धांच्या छापील निकालांवरून ठरावे. अशा क्लबांना प्रत्येकी मत देण्याचाही माझा आग्रह नाही. सगळ्यांनी मिळून सर्वसाधारण सभेवर ठरावीक संख्येने प्रतिनिधी पाठवावेत आणि ती संख्या घटनेतच गोठवावी, म्हणजे क्लब कितीही वाढले तरी मतांचे पारडे हलणार नाही.

स्वारांच्या थेट मताबद्दल मी थोडा साशंक आहे, आणि त्याचे कारण या खेळाचा लहानपणा. आपल्याकडे घोड्याचा मालक, क्लबचा अध्यक्ष, स्वाराचा पालक आणि निवड समितीवरचा सदस्य हे एकाच घरात, प्रसंगी एकाच माणसात सापडतात. प्रशिक्षक स्वतः स्पर्धेत उतरतो आणि त्याचे शिष्यही उतरतात. त्या स्थितीत ‘स्वाराचे मत’ बहुधा घोडा पुरवणाऱ्याचेच मत होईल. अल्पवयीन स्वारांच्या बाबतीत ते पालकाचे होईल हे उघडच आहे. म्हणून घटनादुरुस्तीत मला सर्वांत आधी हितसंबंधांच्या संघर्षाचे कलम हवे आहे: ज्याचे मूल, शिष्य किंवा घोडा निवडीच्या शर्यतीत आहे त्याने त्या बैठकीत बसू नये आणि निवडीचे निकष पात्रता फेऱ्या सुरू होण्याआधी जाहीर व्हावेत. मताधिकाराच्या वादात हे कलम प्रत्येक वेळी मागे पडते. निवडीवरून होणारी भांडणे आणि कोर्टकज्जे पाहिले की मला वाटते, निम्मे प्रश्न येथेच सुटतील.

कलमदान

खोगीर यांची क्लबांच्या प्रतिनिधींची संख्या गोठवण्याची सूचना मला पटण्यासारखी वाटते, फक्त ती संहितेच्या शब्दांत बसत नाही. राज्ये आणि त्यांच्या बरोबरीचा दर्जा असलेल्या संस्था सोडून इतर कोणत्याही वर्गाच्या सभासदाला मत नाही, हे तेथे स्पष्ट आहे. क्लबांच्या एकत्रित गटाला अखिल भारतीय संस्थेचा दर्जा देऊन वाट काढता येईल, पण ती न्यायालयात टिकेल याची खात्री मी देणार नाही.

दुडकी यांच्या प्रश्नाला फुटबॉलचे उदाहरण थेट लागू आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीच्या कारभारात, राज्य संघटनांच्या जोडीने ३६ नामवंत माजी खेळाडूंना मत द्यायचे ठरले होते. बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केले, न्यायालयाने समिती बरखास्त करून खेळाडूंचे ते मत मागे घेतले आणि २६ ऑगस्टला निलंबन उठले. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत फक्त संघटनांनी मत दिले. अध्यक्षपदासाठी उभे असलेले माजी कर्णधार बायचुंग भूतिया यांचा ३३ विरुद्ध १ असा पराभव झाला. खेळाडूंना लोकप्रियता आणि संघटनांना मत अशी विभागणी असली की काय होते, हे त्या आकड्यात दिसते. पण त्याच प्रसंगाचा दुसरा बोधही विसरू नये. घटना बदलताना आंतरराष्ट्रीय संघटनेला विश्वासात घेतले नाही तर शिक्षा खेळाडूंना भोगावी लागते. एफईआय एका देशातून एकाच महासंघाला मान्यता देते. त्या मान्यतेवर गदा आली तर दुसऱ्या दारातून प्रवेशिका पाठवण्याची सोय नाही.

पंधरांत दोन हे थोडे आहेत, याबाबत मी सहमत आहे. कायद्यातील आकडा किमान आहे, कमाल नव्हे. महासंघ आपल्या घटनेत चार किंवा पाच लिहू शकतो. ती मागणी करायला कोणत्याही न्यायालयात जावे लागत नाही.

उंबरठा

सगळी चर्चा वाचली. राज्य, क्लब, सेनादल, स्वार यांपैकी मत कोणालाही दिले तरी यादी कोण तपासणार हा प्रश्न उरतोच, आणि मला वाटते दुडकी यांच्या मूळ शंकेची मेख तेथे आहे. एकाच राज्यात दोन संघटना आपणच खऱ्या म्हणून उभ्या राहतात, दोघींकडे सोसायटी नोंदणीचे कागद असतात, आणि कोणाला संलग्नता द्यायची हे अखेर महासंघच ठरवतो. म्हणजे कलमदान म्हणतात तो फेरा राज्य संघटनांच्या रचनेतही पूर्ण तुटत नाही, फक्त एक पायरी खाली सरकतो.

नव्या कायद्यात निवडणुकांसाठी निवडणूक आयोगाच्या कामाचा अनुभव असलेल्यांचे राष्ट्रीय पॅनेल आहे, तंटे ऐकण्यासाठी न्यायाधिकरण आहे आणि त्याच्या निर्णयावर अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. हे चांगलेच आहे, पण तंटा न्यायाधिकरणापर्यंत पोचतो तोवर पात्रता स्पर्धांचा हंगाम निघून गेलेला असतो. माहिती अधिकारावरही फार विसंबू नये, कारण या कायद्यातील त्याबाबतची तरतूद सरकारी निधीच्या विनियोगापुरतीच मर्यादित आहे; संलग्नतेची कागदपत्रे आणि मतदारयादी त्यातून हमखास मिळतील असे नाही.

त्यामुळे ही गोष्ट महासंघाच्या घटनेतच लिहून घ्यायला हवी. प्रत्येक संलग्न संघटनेचे नोंदणीपत्र, तिच्या शेवटच्या निवडणुकीचे इतिवृत्त, जिल्हा संघटनांची यादी आणि तिने मागच्या हंगामात स्पर्धेत उतरवलेले घोडे व स्वार हे सारे संकेतस्थळावर असावे. निवडणुकीच्या निदान सहा महिने आधी यादी प्रसिद्ध व्हावी आणि तीवर कोणत्याही नोंदणीकृत स्वाराला किंवा अल्पवयीन स्वाराच्या पालकाला हरकत घेता यावी. त्या हरकतीचा लेखी निकाल महासंघाबाहेरच्या निवडणूक अधिकाऱ्याने द्यावा. दुडकी, आपल्याकडे मत नसले तरी हरकतीचा अधिकार मागता येतो. घटनादुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला तर पालकांनी एकत्र येऊन लेखी मागावे असे हे कलम आहे, आणि कोणत्याही गटाला त्याला उघड विरोध करणे अवघड जाईल.